वीस इंचांचा दोरा

नाकं मी फार पाहिली, मित्रांनो! बसकी, धारदार, घामेजलेली, मोरणी घातलेली, सर्दीने गळणारी. माझं सगळं आयुष्यच लोकांच्या नाकांवर बसण्यात गेलं. मी एक जुनी ट्रायल फ्रेम. नावाला घाबरू नका. डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढताना तुमच्या नाकावर जो गोल खाचांचा, जड, विचित्र सांगाडा चढवतात, त्यात एकेक भिंग सरकवतात आणि "आता बरं दिसतं, की मघाचं बरं होतं?" असं विचारून तुमच्या नाकी नऊ आणतात, तीच मी. मला घातल्यावर माणूस काही चांगला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याला चांगलं दिसतं, आणि तेवढं मला पुरतं.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचं अंग, वरून चांदीसारखा मुलामा, दोन्ही डोळ्यांभोवती बारीक कोरलेले आकडे. निळ्या मखमलीच्या खोक्यात बसून मी सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आले, आणि माझ्याबरोबर भिंगांची एक मोठी लाकडी पेटी. त्या दवाखान्यात भीमामामा नावाचे शिपाई होते. रोज सकाळी मऊ फडक्याने ते मला पुसायचे आणि मगच चहा घ्यायचे. काय दिवस होते ते! जीपमधून आम्ही गावोगाव शिबिरांना जायचो. टेंभुर्णीच्या बाजारात, बार्शीच्या शाळेत, माळशिरसच्या एका मंगल कार्यालयात तर लग्नाचा मांडव उतरायच्या आत आमची टेबलं लागली होती. एकदा जीपच्या हादऱ्यांनी माझ्या उजव्या काडीचा स्क्रू कुठेतरी गळून पडला. भीमामामांनी क्षणभर डोकं खाजवलं, मनगटावरचा लाल दोरा सोडला आणि माझी काडी घट्ट बांधून टाकली. तो दोरा पुढे माझी ओळखच झाला.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेतलं शिबिर मला अजून आठवतं. पाचवीतली एक बुटकीशी पोरगी खुर्चीत येऊन बसली. इतके दिवस ती पहिल्या बाकावर बसायची आणि तरीही शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची, म्हणून गुरुजींनी तिला "आळशी" ठरवली होती. माझ्यात भिंगं चढत गेली. एक, दोन, तीन, चार नंबर झाले. पोरगी एकदम दाराकडे वळली आणि ओरडली, "अगं बया! गुरुजी, तुमाला मिशी हाय व्हय!"

सगळी शाळा हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते बाहेर जाऊन थोडा वेळ उभे राहिले, आणि परत आले तेव्हा त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या पोरीचं नाव होतं शिवलीला.

पुढे काय झालं, ते माझ्यासारख्या सगळ्याच जुन्या वस्तूंचं होतं. दवाखान्यात कंप्युटरचं यंत्र आलं. हनुवटी टेकवा, आतलं चित्र बघा, की झाला नंबर! लोक त्याचं कौतुक करून थकेनात. मला फळीवर ठेवलं, आणि माझ्यावर जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा आला. मला राग आला का? आला की! चांगला दणकून आला. पण फळीवर बसून रागावलेल्या फ्रेमला विचारतो कोण? भीमामामा तेवढे दिवाळीच्या सफाईला मला उघडून बघायचे आणि "हाय की गं अजून," म्हणायचे.

मग एके वर्षी गावात डोळे तपासायला शिकवणारं एक छोटं कॉलेज निघालं. भीमामामा तिथे कामाला गेले आणि जाताना मला मागून घेतलं. "पोरांना शिकायला जुनंच बरं. पडलं तरी फुटत न्हाई," असं म्हणाले. हे ऐकून मला फार आनंद झाला असं नाही, पण फळीवरून सुटले हे खरं.

ॲडमिशनच्या मुलाखती आमच्याच प्रॅक्टिकलच्या खोलीत व्हायच्या. बारावी सायन्स झालेली मुलं फाइल छातीशी धरून एकेक आत यायची. रुद्राणी मॅडम विचारायच्या, "ऑप्टोमेट्रीच का?" कुणी पाठ केलेलं बोलायचं. कुणी खरं सांगायचं, की डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडले. अंकिता नावाची एक ताडमाड उंच मुलगी म्हणाली, "मॅडम, मैत्रिणीनं फॉर्म भरला म्हणून मी पण भरला. ती आलीच नाही, मी मात्र आले." मॅडम हसल्या. मला ती आवडली.

अंकितानंतर एक बुटकी मुलगी आत आली. डोळ्यांवर सात नंबरचा जाड चष्मा. मॅडमनी प्रश्न विचारला, पण हिचं लक्ष टेबलावर, माझ्याकडे. तिने हात पुढे करून माझ्या काडीवरचा लाल दोरा हलकेच चाचपला.

"मॅडम, ही फ्रेम आमच्या शाळेत आली होती. हिच्यातनंच मी पहिल्यांदा गुरुजींची मिशी बघितली." मग म्हणाली, "घरी सगळे म्हणतात, चार डोळ्यांची पोरगी दुसऱ्याचे डोळे काय तपासणार? म्हणजे चष्म्याच्या दुकानात बसणार का? मला त्यांना नीट सांगता येत नाही. पण मला हेच करायचंय."

शिवलीला! आठ वर्षांनी! मला तोंड असतं तर मी तिथेच हाक मारली असती. तिची ॲडमिशन झाली, तेव्हा मी माझ्या खोक्यात बसून अगदी सुखावले.

पहिलं वर्ष मजेत गेलं. पुस्तकं जाडजूड, पण पोरं जिवाला जीव देणारी. एकमेकांवरच सराव चालायचा. एकदा बाहुल्या मोठ्या करायचं औषध सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत घातलं, आणि मग भर दुपारी डोक्यावरून रुमाल घेऊन, एकमेकांचे हात धरून सगळी वरात मेसकडे निघाली. ताटात भाजी कसली आहे, ते कुणालाच दिसेना. शिवलीला भाजी हुंगून सगळ्यांना सांगत होती. शिवलीलाचा पांढरा एप्रन दुकानातून आणलेला तयार होता. त्याच्या बाह्या ती दोनदा दुमडायची. ते मी रोज पाहत होते, पण मला मेलीला त्याचा अर्थ कळला नाही. नुसतं पाहून काय होतं?

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा आली. हातात बॅटरीसारखं एक यंत्र धरायचं, पेशंटच्या बाहुलीत उजेडाची रेघ टाकायची आणि ती हलवायची. आतला लालसर उजेडही हलतो. मग माझ्यात भिंगं बदलत जायची. आतलं हलणं थांबलं की आकडा सापडला. पेशंटला एक अक्षर विचारावं लागत नाही. तान्ह्या बाळाचा नंबरही असा काढता येतो. फक्त एक करायचं. तपासणारा पेशंटपासून जेवढ्या अंतरावर असतो, त्या अंतराच्या हिशेबाने, आलेल्या आकड्यातून काहीतरी वजा करावं लागतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: पेशंटपासून आपल्या हाताच्या अंतरावर थांबायचं. आलेल्या आकड्यातून दीड वजा करायचा.

चाळीस मुलांनी ती वहीत उतरवली. शिवलीलाने तर खाली लाल रेघ मारली.

आणि शिवलीलाचा आकडा चुकायला लागला. थोडाथोडका नाही, अर्ध्या नंबराने, आणि तोही दर वेळी. अंकिताचं उत्तर बरोबर, शेजारच्या मुलाचं बरोबर, हिचं चूक. पहिल्या चाचणीत नापास, दुसऱ्या चाचणीत नापास. मॅडम कागद बघायच्या आणि म्हणायच्या, "शिवलीला, घाई करतेस. नीट बघ." पोरगी बिचारी नीटच बघत होती! तिच्याइतकं टक लावून वर्गात कुणीच बघत नव्हतं. मी पेशंटच्या नाकावर बसून तिच्या कपाळावरचा घाम पाहायचे. तिसऱ्या चाचणीत नापास झालं, की पुढच्या वर्गात, दवाखान्यात पेशंट बघायला जाता येत नाही; पुन्हा मागच्या मुलांबरोबर बसायचं, असा नियम होता.

एका दुपारी सगळे गेल्यावर ती एकटीच मला पुसत बसली. अंकिता तिला शोधत आली.

"चल की, मेस बंद होईल."

"अंकिता, ते घरचे म्हणत होते तेच खरं गं," शिवलीला म्हणाली. "माझे डोळेच अधू. जिला स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्याला काय दाखवणार? उद्या एखाद्या लहान पोराला मी चुकीचा नंबर दिला तर?"

"काहीतरीच बोलू नकोस!" अंकिता चिडली आणि ताट वाढून आणायला गेली.

शिवलीलाने तेवढ्यात वहीचं पान फाडलं, चार ओळी लिहिल्या, पानाची घडी घातली आणि माझ्या खोक्यात, माझ्या खाली, मखमलीवर ठेवून दिली. तिसरी चाचणी झाली की ते पान ऑफिसात द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. कॉलेज सोडण्याचा अर्ज होता तो. आठ दिवस मी त्या कागदावर झोपले, मित्रांनो. इतकं टोचणारं अंथरूण मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या चाचणीला प्रत्येकाने आपला एक पेशंट आणायचा होता. कुणी मामा आणला, कुणी घरमालकीण आणली. शिवलीलाने आपल्या आईला बोलावलं. आदल्या दिवशीच ईरम्मा एसटीने आल्या. गावात त्या बायकांचे कपडे शिवतात. गळ्यात मोजायची टेप तशीच. काढायची विसरून आल्या होत्या. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आल्या आल्या त्यांनी दोघी पोरींना आमच्या खोलीतच खाऊ घातलं. चटणीचं तेलकट बोट माझ्या भिंगाला लागलं, आणि मी मनातल्या मनात किंचाळले.

जेवण झाल्यावर सराव सुरू झाला. ईरम्मांच्या नाकावर मी बसले. घामट, कष्टाचं, प्रेमळ नाक. अंकिताने आधी तपासलं. लांबचा नंबर आला अर्धा. मग शिवलीलाने तपासलं. एक आला. पुन्हा तोच अर्ध्याचा फरक. शिवलीलाने बॅटरी टेबलावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

अंकिताने विषय बदलायला म्हणून जवळचं वाचायची भिंगं माझ्यात घातली. "मावशी, आता हे वाचा बघू," म्हणत ती वाचायचा तक्ता शोधू लागली. तक्ता कुणीतरी नेलेला. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या उघड्या खोक्यातला घडी घातलेला कागद उचलला आणि ईरम्मांच्या हातात दिला.

ईरम्मा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. दोन वर्षांत त्यांनी एवढं बारीक अक्षर वाचलं नव्हतं. त्या हरखूनच गेल्या. "अगं, दिसतंय की लख्ख!" म्हणाल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द लावत वाचू लागल्या. "मा-न-नीय प्राचार्य... मी, शिवलीला ईरप्पा... माझ्या डोळ्यांच्या दोषामुळे... हा अभ्यासक्रम सोडू इच्छिते..."

खिडकीशी उभी असलेली शिवलीला धावत आली, पण वाचून झालं होतं. माझ्या भिंगांमागे ईरम्मांचे डोळे भरून आले. ते पाणी मी जन्मात विसरणार नाही. लेकीला एवढं दुःख झालं होतं आणि आईला ते पहिल्यांदा दिसलं ते माझ्यातून, ह्याचं मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

"येनातु, यवा?" त्यांनी कन्नडमध्येच विचारलं. काय झालं गं बाई?

"अव्वा, माझे डोळे चुकतात," शिवलीला हुंदका देत म्हणाली. "दर वेळी अर्ध्या नंबरानं. अंकिताला जे दिसतं, ते मला दिसतच नाही."

ईरम्मांनी पदराने डोळे पुसले. मला काढायचं भान नव्हतं, म्हणून पदर भिंगांवरच फिरला. मग म्हणाल्या, "मला तुमचं शास्तर कळत न्हाई. पर एक विचारू? ही अंकिता तपासत हुती तवा मला कसला वास आला न्हाई. तू तपासत हुतीस तवा तुज्या तोंडाला शेंगाचटणीचा वास येत हुता. दोगींनी चटणी तर सारकीच खाल्ली की! मग तू एवढी जवळ का उभी ऱ्हातीस?"

"मी कुठं जवळ? हाताच्या अंतरावरच थांबते. मॅडमनी सांगितलंय तसं."

"कुणाच्या हाताच्या?" ईरम्मांनी गळ्यातली टेप ओढली. "तुजं हात आखूड हायत, यवा. शाळेपासनं तुज्या ड्रेसची बाही मी दोन बोटं कमीच बेतते. ह्या एप्रनची बाही बग, दोनदा दुमडलीस! उभी ऱ्हा जशी ऱ्हातीस तशी."

त्यांनी टेपचं टोक माझ्या काडीशी धरलं आणि टेप लेकीच्या डोळ्यापर्यंत नेली. वीस इंच. अंकिताला उभी केली. साडेसव्वीस.

शिवलीला बघतच राहिली. मग तिने वही ओढली. वीस इंच म्हणजे पन्नास सेंटिमीटर. किती वजा करायचं, ते काढायला शंभराला त्या अंतराने, पन्नासने भागलं. दोन आले. अंकिताच्या अंतराने भागलं, दीड आला. "अंकिता!" ती ओरडली. "मी दीड नाही, दोन वजा करायला हवे होते! तुझ्या हाताला दीड, माझ्या हाताला दोन!"

"म्हंजी डोळं चुकत नव्हतं?" ईरम्मांनी विचारलं.

"नाही अव्वा. डोळ्यांनी बरोबरच बघितलं होतं. दर वेळी."

अंकिताने दोघींना एकदम मिठी मारली आणि मी ईरम्मांच्या नाकावरून घसरून खाली पडले. एरवी मी कुरकुरले असते. त्या दिवशी मला काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी रुद्राणी मॅडमकडे गेल्या. मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कपाटातून शिवलीलाचे जुने कागद काढले. अठरा पेशंट होते. प्रत्येक उत्तरातून त्यांनी अर्धा कमी केला. अठराच्या अठरा बरोबर निघाले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे, शिवलीला," त्या म्हणाल्या. "मी तुझे आकडे तपासत राहिले. तू तपासताना कुठे उभी राहतेस, ते मी एकदाही पाहिलं नाही."

एवढ्या मोठ्या माणसाने विद्यार्थिनीपुढे असं सरळ म्हणावं, ह्याचं मला फार अप्रूप वाटलं. पण जुनी नापासची खूण मॅडमनी खोडली नाही. "तिसरी चाचणी दे, आणि तुझं तूच मिळव," असं म्हणाल्या. तेही मला पटलं.

चाचणीच्या आधी ईरम्मांनी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं, टेपवर बरोबर वीस इंच मोजले, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि दोरा कापला. माझ्या काडीवरचा भीमामामांचा लाल दोरा जीर्ण होऊन सुटत आला होता. त्याच्या शेजारीच त्यांनी नव्या दोऱ्याचं एक टोक बांधलं. "दुसरी गाठ गालाला लावायची, डोळ्याच्या कडंला. दोरा ताठ झाला का तितंच थांबायचं," त्यांनी लेकीला सांगितलं. मग कात्री काढून एप्रनच्या बाह्या उसवल्या आणि तिथेच बसून दोन बोटं आखूड करून दिल्या.

चाचणीत एकाने आणलेला पेशंट दुसऱ्याला द्यायचे. शिवलीलाच्या वाट्याला एक जाडजूड मिशांचे रिक्षावाले काका आले. मिशा पाहून ती जरा हसली. मला काय आठवलं, ते तुम्हाला कळलंच असेल. काकांच्या नाकावर मी शक्य तेवढी सरळ बसले. दोरा ताठ झाला. उजेडाची रेघ आली, गेली, भिंगं बदलली, आतलं हलणं थांबलं. शिवलीलाने आकडा लिहिला, दोन वजा केले आणि कागद दिला. वजा पाऊण. मॅडमनी आपल्या हातातला कागद पाहिला. वजा पाऊण. ह्या वेळी मॅडम कागदाकडे नाही, सगळा वेळ शिवलीलाकडेच बघत उभ्या होत्या.

आता शिवलीला शेवटच्या वर्षाला आहे. रोज दवाखान्यात पेशंट बघते. मी अजून त्याच खोलीत आहे, आणि खोलीत आता एक नवी रीत पडली आहे. नवी मुलं आली, की पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहिण्याआधी प्रत्येकाचं अंतर दोऱ्याने मोजतात. मुलं दोऱ्याला आपल्या नावाची चिठ्ठी लावतात आणि दोरा खिळ्याला टांगतात. लांब दोरे, आखूड दोरे, सगळे एका ओळीत लटकत असतात, आणि कुणी कुणाला हसत नाही.

तर मित्रांनो, माझं सांगून झालं. तुमच्याकडून एवढंच हवंय, की चटणीच्या बोटांनी भिंगांना हात लावू नका, मला दोन्ही हातांनी धरा आणि काम झालं की खोक्यात ठेवा. आणि तुमच्यातला कुणी पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्याच्या डोळ्यांना, डोक्याला नावं ठेवायच्या आधी तो कुठे उभा आहे, ते एकदा मोजून बघा. आळशी ठरवलेली ती पोरगी मला दोनदा भेटली आहे, आणि दोन्ही वेळा ती आळशी नव्हती.

तो अर्ज? तो ईरम्मा गावी घेऊन गेल्या. मागची बाजू कोरी होती. परवा त्या स्वतःचा चष्मा लावून मुद्दाम मला भेटायला आल्या, तेव्हा हसत हसत त्यांनीच सांगितलं. त्या कागदाचा त्यांनी शिवलीलाच्या बाहीचा नमुना कापून ठेवला आहे, दोन बोटं आखूड. आता तिचा प्रत्येक एप्रन त्याच मापाने शिवला जातो.